जपानमधील विवाहाचा स्वागतसमारंभ : परकीय यजमानासाठी काही धडे

प्रास्ताविक

एकेकाळी मुलाला मुंबईत नोकरी लागली तरी वस्तीत पेढे वाटले जात. आज त्याच वस्तीतील मुले-मुली शिकून परदेशी जात आहेत. टोकियोच्या एदोगावा भागात, विशेषतः निशि-कासाई परिसरात, भारतीयांची मोठी वसाहत आहे. तेथे मराठी बोलणारी माणसेही बरीच आहेत. २०१९ साली योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ त्याच एदोगावाच्या स्थानिक सभागृहावर निवडून आले, ही गोष्ट वर्तमानपत्रांतून आपण वाचली असेल. माणसे जेथे राहतात तेथे त्यांची लग्नेही जमतात. तेव्हा जपानमध्ये लग्नाचा स्वागतसमारंभ कसा करतात, हा विषय आता आपल्या घरापर्यंत आलेला आहे.

माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा टोकियोत संगणकाचे काम करतो. त्याने तेथील एका जपानी मुलीशी विवाह करण्याचे ठरविले, तेव्हा घरात आनंद झाला आणि गोंधळही उडाला. पुतण्या फोनवर म्हणाला, "काका, तुम्ही बँकेत आहात. हिशेब तुम्हीच बघा." मी जपानला गेलो नाही. परंतु अंदाजपत्रके, याद्या, पत्रिका असे सर्व कागद माझ्याकडे येत गेले आणि त्यांच्या निमित्ताने मी या विषयाचा अभ्यास केला. तोच येथे विद्यार्थी व सभासद बंधू-भगिनींसमोर ठेवीत आहे.

१) बौद्ध देश, पण विवाह कोणत्या पद्धतीने?

आपल्याकडे, विशेषतः नागपूर परिसरात, जपान म्हटले की भदंत आर्य नागार्जुन सुरेई ससाई किंवा कामठीचे ड्रॅगन पॅलेस आठवते. त्यामुळे जपानमधील सर्व लग्ने बौद्ध विहारातच होत असतील, अशी आपली समजूत असते. आमच्या दादांचीही होती. प्रत्यक्षात तसे नाही. जन्माचे विधी शिंतो, लग्न ख्रिस्ती आणि अंत्यविधी बौद्ध, असे तेथील लोक स्वतःबद्दल थट्टेने म्हणतात, आणि त्यात बरेच तथ्य आहे.

पूर्वी जपानमध्ये लग्ने घरीच होत असत. १९०० साली युवराज योशिहितो यांचा विवाह शिंतो पद्धतीने झाला आणि त्यानंतर देवळात विवाह करण्याची पद्धत सामान्य लोकांत पसरली. या विधीत वधू-वर तीन पेल्यांतून तीन-तीन घोट 'साके' घेतात. त्याला 'सान-सान-कुदो' म्हणतात. आज मात्र चर्चसारख्या सजविलेल्या प्रार्थनागृहात, पांढऱ्या गाऊनमध्ये होणारी लग्ने सर्वांत जास्त आहेत. देशात ख्रिस्ती लोक शेकडा एकाच्या आसपास आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे हा पोशाखाचा आणि हौसेचा भाग आहे हे कळते.

बौद्ध पद्धतीच्या विवाहाला 'बुत्सुझेन-शिकी', म्हणजे बुद्धासमोरचा विधी, असे नाव आहे. त्यात भिक्खू वधू-वरांना 'जुझु' म्हणजे जपमाळ देतात, धूप अर्पण होतो आणि दोघे प्रतिज्ञा घेतात. असे विवाह थोडे होतात, पण होतात. टोकियोतील त्सुकिजी होंगवांजी या विहारातही ते होतात. या विहाराची सध्याची इमारत १९३४ साली पूर्ण झाली. वास्तुशिल्पी इतो चुता यांनी तिला प्राचीन भारतीय बौद्ध वास्तुकलेचे रूप दिले, त्यामुळे तिची दर्शनी कमान पाहून आपल्याला कार्ले-अजिंठ्याच्या चैत्यगवाक्षाची आठवण होते.

चौथा प्रकार 'जिन्झेन-शिकी', म्हणजे माणसांसमोरचा विवाह. यात पुरोहित नसतो. जमलेल्या आप्तेष्टांसमोर वधू-वर वचन वाचतात आणि पाहुणे टाळ्या वाजवून संमती देतात. धर्म वेगळे असलेल्या जोडप्याला ही पद्धत सोयीची पडते. आमच्या पुतण्याने हीच निवडली.

२) नोंदणी हाच विवाह, समारंभ वेगळा

विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. वरीलपैकी कोणत्याही विधीने जपानी कायद्याप्रमाणे विवाह होत नाही. नगरपालिकेच्या किंवा प्रभागाच्या कार्यालयात 'कोन्-इन तोदोके' नावाचा विवाह-सूचनेचा अर्ज दाखल होऊन तो स्वीकारला गेला म्हणजे विवाह झाला. अर्जावर दोन सज्ञान साक्षीदारांच्या सह्या लागतात. १ एप्रिल २०२२ पासून मुलगा व मुलगी दोघांनाही विवाहासाठी किमान वय १८ वर्षे आहे.

परकीय नागरिकाला आणखी कागद लागतात. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे आपण विवाहास पात्र आहोत, असे प्रमाणपत्र त्याला आपल्या दूतावासाकडून घ्यावे लागते आणि जपानी भाषेतील अनुवादासह ते द्यावे लागते. कोणते कागद चालतील हे त्या कार्यालयात स्वतः जाऊन आधी विचारावे. जपानी व्यक्तीच्या 'कोसेकी' या कुटुंबनोंदवहीत विवाहाची नोंद होते. परकीय जोडीदाराची स्वतंत्र कोसेकी तयार होत नाही. तसेच विवाह झाला म्हणून राहण्याचा परवाना आपोआप बदलत नाही. त्यासाठी इमिग्रेशन खात्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

याचा व्यवहारातला फायदा असा की नोंदणी एका दिवशी आणि समारंभ सहा महिन्यांनी, असेही करता येते. कागदपत्रांना उशीर झाला तर हॉलचे पैसे बुडण्याची वेळ येत नाही. आमच्याकडे नोंदणी आधी उरकली आणि दादांच्या मनावरचे अर्धे ओझे तेथेच उतरले.

यापुढे आपण फक्त स्वागतसमारंभाचा विचार करू. त्याला जपानीत 'हिरोएन' म्हणतात. सर्वांना जाहीर करण्याची मेजवानी, असा त्याचा अर्थ. त्यानंतर मित्रमंडळींची 'निजिकाई' म्हणजे दुसरी, मोकळी बैठक होते.

३) दिवस कसा ठरवावा : 'बुत्सुमेत्सु'चे कोडे

आपल्याकडे मुहूर्त, तसा जपानमध्ये 'रोकुयो'. हे सहा दिवसांचे चक्र तेथील दिनदर्शिकांवर आजही छापलेले असते. त्यात 'ताइआन' हा दिवस लग्नाला उत्तम समजतात. त्या दिवशी सभागृहे आधीच भरलेली असतात. 'तोमोबिकी' म्हणजे मित्राला ओढणारा दिवस. तो लग्नाला चालतो, पण अंत्यविधीला वर्ज्य. आणि सर्वांत अशुभ मानलेला दिवस म्हणजे 'बुत्सुमेत्सु'. या शब्दाच्या लिपीचिन्हांचा अर्थ होतो बुद्धाचे निर्वाण!

हे वाचून मी थबकलो. तथागतांच्या नावाचा दिवस अशुभ कसा? शोध घेता कळले की या चक्राचा बौद्ध धम्माशी काही संबंध नाही. ते चीनमधून आलेले दिवस मोजण्याचे गणित आहे. पूर्वी त्या शब्दात 'वस्तू' या अर्थाचे चिन्ह होते. उच्चार सारखाच असल्याने पुढे तेथे 'बुद्ध' या अर्थाचे चिन्ह लिहिले जाऊ लागले. जपानमधील जोदो शिन्शू हा मोठा बौद्ध संप्रदाय असे शुभाशुभ दिवस मानतच नाही.

गणितही किती सोपे आहे पाहा. जुन्या चांद्र पंचांगातील महिन्याचा आकडा आणि तिथीचा आकडा यांची बेरीज करावी व सहाने भागावे. बाकी शून्य उरली तर ताइआन, पाच उरली तर बुत्सुमेत्सु. उदाहरणार्थ, दुसऱ्या महिन्याची नववी तिथी : दोन अधिक नऊ अकरा, भागिले सहा, बाकी पाच. झाला दिवस अशुभ! चौथीच्या मुलाला येईल अशा भागाकारावर माणसांचे सुख-दुःख ठरत नाही, हे सांगायला पंडित नको.

परंतु या समजुतीचा बाजारभावावर परिणाम होतो. बुत्सुमेत्सुच्या दिवशी सभागृहांना गिऱ्हाईक कमी, म्हणून अनेक ठिकाणी सूट मिळते. आम्ही त्या सुटीचा विचार केला. मात्र मुलीच्या आजीला हा दिवस चालेल का, हे आधी विचारण्यास मी पुतण्याला सांगितले. आपण मुहूर्त मानत नाही म्हणून समोरच्या घरातील वृद्ध माणसाचे मन दुखवावे असे नाही. आजीबाईंनी हसून होकार दिला, आणि ताइआनच्या दराच्या मानाने बरीच रक्कम वाचली.

४) पाहुण्यांची यादी : 'सहकुटुंब सहपरिवार' येथे चालत नाही

आपल्या पत्रिकेत 'सहकुटुंब, सहपरिवार' हे शब्द ठरलेलेच. पाचशे पत्रिका वाटल्या तर किती पाने वाढावी लागतील हे आचाऱ्याशिवाय कोणाला सांगता येत नाही. जपानमध्ये याच्या अगदी उलट. हिरोएनला येणाऱ्या प्रत्येकाचे नाव, त्याची खुर्ची, त्याचे ताट आधी ठरलेले असते. टेबलावर नावाची चिठ्ठी असते. कोण कोठे बसणार याचा छापील तक्ता दारातच हातात देतात आणि त्यात प्रत्येकाच्या नावाबरोबर 'वराचे कार्यालयीन सहकारी', 'वधूची शाळामैत्रीण' असे नातेही लिहिलेले असते. आमंत्रणासोबत उत्तराचे कार्ड जाते. येणार की नाही हे त्यावर खूण करून कळवायचे असते. ज्याचे नाव नाही त्याने यायचे नाही, आणि लहान मूल आणायचे तरी आधी कळवावे लागते.

आमच्या पुतण्याची पहिली चूक येथेच झाली. आनंदाच्या भरात त्याने निशि-कासाईतील मित्रांना फोन करून "सगळ्यांनी घरच्यांना घेऊन या" असे सांगून टाकले. पंधरा मित्रांची बेरीज बायका-मुलांसह चाळीसच्या पुढे गेली. हॉलवाल्याने माणशी दर सांगितला तेव्हा त्याचे डोळे उघडले. दिलेला शब्द मागे कसा घ्यावा? शेवटी तो प्रत्येकाच्या घरी गेला, खरी परिस्थिती सांगितली, आठ जिवलगांना हिरोएनला आणि बाकीच्यांना निजिकाईला बोलाविले. दोघे-तिघे नाराज झाले, पण पुढे समजले. फोनवर चार मिनिटांत दिलेल्या आमंत्रणाची दुरुस्ती करायला चार रविवार लागले.

परकीय यजमानाने म्हणून पहिले काम हे करावे : दोन्ही बाजूंनी मिळून एकच लेखी यादी करावी आणि ती पक्की होईपर्यंत तोंडी आमंत्रण कोणालाही देऊ नये.

५) आहेर व परतीचा आहेर

जपानमध्ये आमंत्रण स्वीकारणे म्हणजे पाहुण्यानेही एक भार उचलणे असते. तो येताना 'गोशूगी' म्हणजे रोख रकमेचा आहेर आणतो. मित्र किंवा सहकारी यांची सर्वसाधारण रक्कम ३०,००० येन. नवरा-बायको मिळून आले तर ५०,००० आणि जवळचे नातेवाईक त्याहून जास्त देतात. रकमेतील पहिला आकडा विषम असावा असा संकेत आहे, कारण सम संख्येचे दोन सारखे भाग होतात आणि जोडी तुटल्यासारखे वाटते. चार व नऊ हे आकडे टाळतात. त्यांचे उच्चार 'मृत्यू' व 'यातना' या शब्दांसारखे होतात.

या नोटा कोऱ्या असाव्या लागतात. आमच्या काउंटरवर लग्नसराईत कोऱ्या नोटांसाठी रांग लागते, तशीच तेथील बँकांतही लोक बदलून घेतात. अंत्यविधीला मात्र कोरी नोट देत नाहीत. जणू आधीपासून तयारी करून ठेवली होती असे दिसू नये, ही त्यामागची भावना. २०२४ च्या जुलैपासून जपानमध्ये नव्या रूपाच्या नोटा आल्या. तथापि जुन्या रूपाची कोरी नोटही चालते. 'नवी' याचा अर्थ न वापरलेली.

पाकिटावर 'मिझुहिकी' ही कागदी दोरी बांधलेली असते. लग्नाच्या पाकिटावर तिची गाठ सहज न सुटणारी असते, कारण लग्न पुन्हा-पुन्हा होऊ नये. आतील पाकिटावर रक्कम लिहिताना नेहमीचे साधे आकडे न वापरता खाडाखोड करता येणार नाही अशी अवघड चिन्हे वापरण्याची रीत आहे. धनादेशावर आपण रक्कम अक्षरी लिहितो, त्याचेच हे भावंड. दाराशी दोन्ही बाजूंचे मित्र टेबल मांडून बसतात, पाहुण्याची सही घेतात, पाकीट स्वीकारतात. ही पाकिटे कोणाच्या ताब्यात जाणार ते आदल्या दिवशीच ठरवून ठेवावे.

यजमानाकडून पाहुण्याला 'हिकिदेमोनो' म्हणजे परतीचा आहेर मिळतो. एखादी उपयोगी वस्तू आणि मिठाई अशी पिशवी त्याच्या खुर्चीशी ठेवलेली असते. झाडाच्या वर्तुळांसारखे थर असलेला 'बाउमकुखेन' केक यासाठी फार चालतो. लांबून आलेल्या पाहुण्याला व भाषण करणाऱ्या मान्यवराला प्रवासखर्चाचे पाकीट वेगळे देतात. हा खर्च परकीय यजमान हमखास विसरतो.

भारतीय मित्रांना हे सारे ठाऊक नसते. आपल्याकडे 'कृपया आहेर आणू नये' असे छापतात. तेव्हा आपले मित्र किंवा भारतातून येणारी माणसे यांच्याकडून काही येईल असे धरून हिशेब करू नये. उलट त्यांना रीत माहीत असावी म्हणून प्रेमाने सांगावे, म्हणजे दाराशी त्यांना ओशाळे वाटणार नाही.

६) अंदाजपत्रक : बँकेच्या माणसाच्या नजरेतून

जपानमध्ये विधी व हिरोएन मिळून सरासरी खर्च गेल्या काही वर्षांत ३० लाख येनच्या वर गेलेला आहे. सभागृह प्रथम जे 'मित्सुमोरी' म्हणजे अंदाजपत्रक देते, ते बहुधा सर्वांत स्वस्त ताट, सर्वांत कमी फुले आणि एकच पोशाख धरून केलेले असते. पुढे ताट बदलते, फुले वाढतात, छायाचित्रे येतात, वधू मध्येच पोशाख बदलते, आणि आकडा फुगत जातो. आमच्या बाबतीत ४८ पाहुण्यांसाठी पहिला कागद २१ लाख येनचा होता, तिसरा २९ लाखांचा झाला.

जमेची बाजू मी अशी मांडली :

जपानी मित्र व सहकारी २४ : प्रत्येकी ३०,००० प्रमाणे ७,२०,००० येन.
मुलीकडील नातेवाईक १० (पाच जोडपी) : जोडप्यामागे १,००,००० प्रमाणे ५,००,००० येन.
भारतीय मित्र ८ व भारतातून येणारे ६ : काही धरले नाही.
एकूण : १२,२०,००० येन. तूट : १६,८०,००० येन.

यात आणखी एक मेख आहे. आहेराची रक्कम समारंभाच्या दिवशी येते, पण बहुतेक सभागृहांना पूर्ण पैसे समारंभाच्या आधी भरावे लागतात. म्हणजे तूट जरी १७ लाखांची असली तरी हातात २९ लाख रोख असणे आवश्यक. हा फरक न कळल्याने अनेक तरुण जोडपी कर्जाकडे वळतात. तेथे लग्नासाठी खास कर्जेही मिळतात. हे ऐकून दादांनी इकडे भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढण्याची तयारी केली. मी त्यांना म्हणालो, "दादा, आयुष्यभर काउंटरवर बसून मी एक गोष्ट पाहिली. मेजवानीसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता मेजवानीची चव गेल्यावरही येत राहतो." दादा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनीच कागद-पेन्सिल मागितली.

मग आम्ही पुढील गोष्टी केल्या.

(अ) सही करण्याआधी 'मोचिकोमी', म्हणजे बाहेरून आणलेल्या वस्तूंवरील आकार, किती ते विचारले. पोशाख, छायाचित्रकार, परतीचा आहेर बाहेरून आणल्यास अनेक सभागृहे वेगळे पैसे लावतात. वधूच्या साडीवर आकार लावणार नाही, हे आम्ही लेखी घेतले. सही झाल्यावर घासाघीस होत नाही.

(आ) दुसरा भाड्याचा पोशाख रद्द केला. 'इरोनाओशी' म्हणजे मध्येच वस्त्र बदलण्याच्या वेळी मुलगी वहिनींनी नेलेली पैठणी नेसून आली.

(इ) बुत्सुमेत्सुची सूट घेतली.

(ई) रद्द केल्यास किती पैसे कापणार, कोणत्या तारखेनंतर किती, हे कलम अनुवाद करून वाचले.

अखेरचा आकडा २०,५०,००० येनवर आला. आहेर वजा जाता ८,३०,००० येनची तूट राहिली आणि ती दोघांनी स्वतःच्या बचतीतून भागविली. एक येनही कर्ज झाले नाही.

ज्यांना एवढाही खर्च नको त्यांच्यासाठी जपानमध्येच दुसरी वाट आहे. होक्काइदो बेटावर 'काइहि-सेई' म्हणजे वर्गणीची पद्धत रूढ आहे. आमंत्रणातच ठराविक शुल्क छापलेले असते, मित्रमंडळी पुढाकार घेऊन समारंभ उभा करतात आणि पाहुण्यावर मोठ्या आहेराचा भार पडत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर लग्नातील उधळपट्टी कमी करण्यासाठी देशभर चाललेल्या 'नवजीवन' चळवळीनेही या पद्धतीचा पुरस्कार केला होता. याशिवाय केवळ दोन्ही घरच्यांचे एकत्र भोजन करूनही पुष्कळ जोडपी समाधान मानतात. २०२० च्या कोरोना साथीनंतर अशा लहान समारंभांना कोणी कमी लेखत नाही.

७) मानपान : यजमान शेवटी बसतो

बैठकीचा तक्ता आला आणि घरात खरी ठिणगी पडली. वधू-वरांच्या उच्चासनाला 'ताकासागो' म्हणतात. त्याच्या अगदी जवळची टेबले कार्यालयातील वरिष्ठ व मान्यवर यांची. त्यामागे मित्र, मग नातेवाईक. आणि आई-वडील सर्वांत मागे, दाराजवळ! तक्ता पाहून वहिनींच्या डोळ्यांत पाणी आले. "मुलाचे लग्न, आणि आम्ही चपला काढायच्या जागी बसायचे?" असे त्या म्हणाल्या. जाणेच रद्द करण्यापर्यंत गोष्ट गेली.

मी पुतण्याला मुलीच्या वडिलांना विचारण्यास सांगितले. त्यांनी निरोप पाठविला : "आम्ही दोघेही तेथेच बसणार आहोत. पाहुण्यांना मानाची जागा द्यायची आणि घरच्या माणसाने दाराजवळ राहायचे, कारण सर्वांना निरोप त्यालाच द्यायचा असतो." वहिनी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग स्वतःच म्हणाल्या, "आपल्याकडे तरी वेगळे काय? घरचे शेवटच्या पंगतीलाच बसतात की."

वहिनींच्या या एका वाक्याने जपानी हिरोएनचे सारे मर्म उलगडले असे मला वाटते. हा समारंभ पाहुण्यांचे आभार मानण्यासाठी असतो. जो परकीय यजमान हे समजून घेतो, त्याला पुढच्या सर्व रीती आपोआप उमगतात.

८) अडीच तासांचा कार्यक्रम आणि शब्दांचे भान

हिरोएन साधारण दोन ते अडीच तास चालते आणि मिनिटांवर आखलेले असते. वधू-वरांचे आगमन, वराचे स्वागतपर चार शब्द, मुख्य पाहुण्याचे भाषण, मग पेले उंचावून 'कानपाई'. त्यानंतर केक, भोजन, पोशाखबदल, मित्रांचे गाणे-नाच. शेवटी वधू आपल्या आई-वडिलांना लिहिलेले पत्र वाचते, दोन्ही आई-वडिलांना फुले देतात आणि एका वडिलांचे व वराचे आभाराचे भाषण होते. मग सर्व घरचे दाराशी उभे राहून एकेका पाहुण्याला निरोप देतात. आपल्या माणसांनी उशिरा येणे किंवा भाषण लांबविणे येथे मुळीच चालत नाही.

भाषण करणाऱ्याने शब्द जपून वापरावेत. 'तोडणे', 'वेगळे होणे', 'संपणे', 'परत जाणे' असे शब्द लग्नात टाळतात. 'पुन्हा पुन्हा' अशी द्विरुक्तीही टाळतात. केक 'कापला' म्हणत नाहीत, केकमध्ये 'सुरी घातली' म्हणतात. समारंभ 'संपला' न म्हणता 'ओहिराकी', म्हणजे उघडला, असे म्हणतात. जुन्या रीतीच्या आमंत्रणपत्रिकेत स्वल्पविराम व पूर्णविरामही नसतात, कारण ती विरामाची चिन्हे! हे ऐकून हसू येईल, पण आपणही निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणतो आणि बांगडी फुटली तर 'वाढवली' म्हणतो. दादांचे पाच ओळींचे भाषण आम्ही आधी लिहून काढले, जपानी सुनेने त्याचा अनुवाद तपासला आणि दोन्ही भाषा जाणणाऱ्या मित्राने ते वाचून दाखविले.

९) भोजन, पोशाख व भारतातून येणारी माणसे

शाकाहारी माणसांसाठी 'मांस नको' एवढे सांगून भागत नाही. जपानी रस्सा बहुधा 'कात्सुओबुशी' या वाळविलेल्या माशाच्या अर्काचा असतो. म्हणून 'मांस, मासे, माशाचा अर्क, अंडे' यांपैकी काय चालत नाही ते प्रत्येक नावापुढे लिहून द्यावे. सभागृहे ते पाळतात, मात्र आयत्या वेळी काही बदलत नाही.

पोशाखात एक सूचना आपल्या समाजासाठी विशेष महत्त्वाची आहे. आपल्या मंगल परिणयात शुभ्र वस्त्राला मान आहे आणि घरची मंडळीही आवर्जून पांढरे नेसतात. जपानमध्ये लग्नात पांढरा रंग वधूचा. पाहुण्या बाईने पांढरे नेसणे हा वधूचा अनादर समजला जातो. वहिनींनी पांढऱ्या साडीऐवजी निळी साडी नेली.

भारतीयांना जपानचा व्हिसा लागतो. नात्यातल्यांनी बोलाविल्यास निमंत्रणाचे कारण, हमीपत्र, मुक्कामाचा तपशील असे कागद तिकडून यावे लागतात. विमानाचे न परतणारे तिकीट व्हिसाच्या आधी काढू नये.

१०) कामांचे वेळापत्रक

एक वर्ष ते आठ महिने आधी : दोन्ही घरांची भेट, पाहुण्यांची लेखी यादी, खर्चाची कमाल मर्यादा. दोन-तीन सभागृहे पाहणे. त्यांच्या प्रदर्शनाच्या दिवशी पदार्थांची चवही घेता येते.
सहा महिने आधी : करार वाचून सही. दूतावासाचे व नोंदणीचे कागद.
चार महिने आधी : पोशाख, छायाचित्रकार, दुभाषा सूत्रसंचालक. भारतातील पाहुण्यांचे व्हिसाचे कागद.
अडीच महिने आधी : आमंत्रणे टपालात.
एक महिना आधी : उत्तराची कार्डे गोळा करणे, बैठकीचा तक्ता, आहारविषयक यादी.
दोन आठवडे आधी : अंतिम संख्या, पूर्ण रक्कम भरण्याची सोय, प्रवासखर्चाची पाकिटे.

समारोप

या अभ्यासातून मला एवढे कळले की परक्या देशात आपला समारंभ करताना तीन वह्या वेगळ्या ठेवाव्यात : कायद्याची, पैशाची आणि माणसांची. कायद्याच्या वहीत नोंदणी आधी पूर्ण करावी. पैशाच्या वहीत येणारा आहेर धरून नव्हे, तर हातात असलेली बचत पाहून खर्च ठरवावा. आणि माणसांच्या वहीत प्रत्येक नावापुढे त्याची जागा, त्याचे ताट आणि त्याचा मान लिहावा.

वहिनी परत आल्यावर मी विचारले, "दाराजवळ बसून कसे वाटले?" त्या म्हणाल्या, "भाऊजी, पुढे बसले असते तर पाठमोरी राहिले असते. दाराशी उभी होते म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाने माझ्यासमोर वाकून नमस्कार केला. भाषा कळली नाही, पण आपली माणसे वाटली." लग्नाला आता दोन वर्षे होत आली. मुलगा-सून सुखात आहेत आणि कोणताही हप्ता त्यांच्या दाराशी येत नाही.